गॅलिव्हँट: वाक्यात उपयोग करा

१ जानेवारी २०००, शनिवार. सकाळ

नवं शतक सुरू झालं म्हणून वारूळवाडीत फटाके वाजवले. शतक पुढच्या वर्षी सुरू होतं. स्टाफरूममध्ये हे मी नोव्हेंबरपासून सांगतोय. हेडमास्तर म्हणाले, "मग तुम्ही पुढच्या वर्षी वाजवा." मी उत्तर दिलं नाही. कारण यंदाचा पहिला संकल्प: रागवायचं नाही.

दुसरा संकल्प: रोज एक नवा इंग्रजी शब्द शोधायचा आणि वाक्यात वापरायचा. हायस्कूलला इंग्रजी शिकवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. तालुक्यात माझ्याइतकं इंग्रजी कुणाला येत नाही. तरी माणसाने शिकत राहावं.

डिक्शनरी मधेच उघडली. शब्द निघाला गॅलिव्हँट. क्रियापद. अर्थ: कामधंदा सोडून मौजेखातर हिंडणे. मराठीत 'उंडारणे' आहे, पण ते गुरांना लावतात. माणसांसाठी इंग्रजी बरं.

वाक्य सुचलं नाही. माझ्या ओळखीत असं कुणी नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ

वाक्य सुचलं.

अंजनाने चहा देता देता सांगितलं, की फेब्रुवारीत वाडीतल्या बायका ट्रॅक्स जीप करून अलिबागला समुद्र बघायला चालल्यात. एक मुक्काम. तीही चाललीय. विचारलं नाही. सांगितलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने मला काही नुसतं सांगितलंय असं कधी झालं नव्हतं.

'माय वाइफ वाँट्स टु गॅलिव्हँट.' व्याकरणदृष्ट्या निर्दोष.

रागावलो नाही. कप जरा जोरात ठेवला एवढंच. बशी फुटली. तिला आधीपासून तडा होता.

३ जानेवारी, सोमवार

यामागे रतनबाई आहे, हे शोधून काढलं. पलीकडच्या मळ्यातली. तिच्या सासरची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन कोकणात उतरायची. आता थोडी मेंढरं उरलीत, बाकी टोमॅटो. लग्नानंतर एकदा ती कळपाबरोबर पार समुद्रापर्यंत गेली होती म्हणे. तेव्हापासून बायकांना सांगत बसते, "पाणी सपतच न्हाई बया." संपत नाही असं पाणी नसतं. भूगोल कुणी शिकलेलंच नाही.

अंजनाला शांतपणे कारणं सांगितली. म्हैस कोण बघणार. टोमॅटोची तोडणी आहे. दहावीची परीक्षा तोंडावर आलीय.

ती म्हणाली, "दहावीला मी बसलीया का?"

मी म्हणालो, वातावरणाचा प्रश्न असतो. तिला वातावरण म्हणजे काय ते कळलं नाही. म्हशीची सोय तिने आधीच लावून ठेवलीय.

आज नवा शब्द पाहिला नाही. आधीचाच पुरता संपलेला नाही.

४ जानेवारी

नववीच्या वर्गात गॅलिव्हँट शिकवला. सिलॅबसमध्ये नाही, पण काही गोष्टी पोरांना वेळेवर कळाव्यात. फळ्यावर काळ लिहून दिले. शी गॅलिव्हँट्स. शी गॅलिव्हँटेड. शी विल गॅलिव्हँट, इफ नॉट स्टॉप्ड. एका पोराने विचारलं, "सर, ही शी कोण?" त्याला बाहेर उभं केलं.

७ जानेवारी

चूक माझी नाही. चांगला शब्द अपात्र लोकांच्या हाती गेला की असंच होतं. आज नववीतला एक जण हात वर करून म्हणाला, "मे आय गॅलिव्हँट टु युरिनल, सर?" आठवीही शिकली. पीटीचे मास्तर पोरांना ग्राउंडला "दोन गॅलिव्हँट मारा" म्हणत होते. मी त्यांना सांगितलं, हे क्रियापद आहे, ते मारता येत नाही. ते म्हणाले, "सर, राउंडपण मारतोच की."

हेडमास्तरांकडे लेखी तक्रार देणार होतो. दिली नाही. पहिला संकल्प.

१० जानेवारी, सोमवार

आता पद्धतशीर काम. एकट्याचा विरोध टिकत नाही, आघाडी लागते.

सावळेरामला भेटलो. आमचा शेजारी, एसटीतून रिटायर झालेला. त्याची बायको कुशाबाईपण समुद्राच्या यादीत आहे. त्याला माझं म्हणणं एकदम पटलं. म्हणाला, "बाईमानसाला समुद्रावर काय काम हाय राव? आमी न्हाय पाठवनार." असा खंबीर माणूस वाडीत दुसरा नाही. सगळ्या नवऱ्यांची बैठक गेणभाऊच्या हॉटेलात घ्यायची ठरली. नारायणगाव स्टँडजवळ, म्हणजे सगळ्यांना सोयीचं.

१२ जानेवारी

बैठक झाली. उपस्थिती: मी आणि सावळेराम. बाकीच्यांची पाण्याची पाळी होती, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांची एकाच वेळी. ठराव मात्र एकमताने पास झाला. सावळेरामने दोन वेळा मिसळ घेतली आणि दोन्ही वेळा मला पाठिंबा दिला.

१५ जानेवारी, संक्रांत

आमच्याच घरात हळदीकुंकू. माझ्या घरात माझ्याविरुद्ध सभा. मी आतल्या खोलीत पेपर तपासत होतो. बाहेर रतनबाई सांगत होती, की समुद्राच्या काठी उभं राहिलं की पायाखालची वाळू आपोआप सरकते आणि आपणच चाललोय असं वाटतं. बायका गप्प बसून ऐकत होत्या. अंजनासुद्धा. माझं बोलणं तिने असं कधी ऐकल्याचं आठवत नाही.

मला राहवलं नाही. दारात जाऊन मोठ्याने म्हणालो, "यू ऑल जस्ट वाँट टु गॅलिव्हँट."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. रतनबाईने आपल्या नातीला विचारलं, "गुरुजी काय म्हनलं गं?" नात दिशा, नववीत, माझीच विद्यार्थिनी. ती म्हणाली, "आज्जे, जे मौज करत फिरत्यात ना, ते गॅलिव्हँट."

"गलिवंत?" रतनबाई म्हणाली. "आपलं धनवंत, गुनवंत आसतंय, तसं?"

दिशा मानेनेच हो म्हणाली. तिला चाचणीत शून्य दिलं पाहिजे.

"मंग आपून गलिवंत की," रतनबाई म्हणाली आणि सगळ्या हसायला लागल्या. कुशाबाईला ठसका लागला. अंजना सगळ्यात जास्त हसली. ती इतकी मोठ्याने हसू शकते हे मला माहीत नव्हतं. खोलीत परत आलो आणि पुढच्या चार पेपरांना कमी मार्क दिले.

२० जानेवारी

शाळेतून येताना रतनबाईच्या अंगणात पेंटर दिसला. कापडी बॅनर रंगवत होता. 'गलिवंत महिला मंडळ, वारूळवाडी.' माझी एम-एटी स्कूटर जागेवर थांबवली. रतनबाईला समजावलं, की हे मुळात क्रियापद आहे, नाम नव्हे, आणि मुख्य म्हणजे हा अपमान आहे.

ती म्हणाली, "आसू द्या गुरुजी. तुमीच दिलंय नाव. लई गोड हाय."

मग दाखवलं. बॅनरच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात: 'मार्गदर्शक: सोपान सर.'

एवढा संताप आयुष्यात आला नाही. तिथल्या तिथे सांगितलं, माझं नाव ताबडतोब काढा. निघताना सहज बघितलं, तर 'मार्गदर्शक'मधला रफार चुकला होता. तो दुरुस्त करायला लावला. नाव असो की नसो, चुकीचं मराठी गावात फिरायला नको.

२६ जानेवारी

झेंडावंदन. प्रमुख पाहुणे पंचायत समितीचे विस्तार अधिकारी. दिशाचं इंग्रजी भाषण. मी लिहून दिलेलं सोडून शेवटी स्वतःचं वाक्य घुसवलं: "माय ग्रँडफादर गॅलिव्हँटेड विथ हिज शीप टु द सी." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना शब्द कळलेला नव्हता, हे मला खुर्चीवरून दिसत होतं. भाषणात म्हणाले, "या शाळेचं इंग्रजी फार पुढचं आहे." हेडमास्तर उठून उभे राहिले. मी बसून राहिलो, कारण माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

नंतर दिशाला व्हरांड्यात गाठलं. म्हणालो, वाक्य चूक आहे. मेंढरं चारणं हे काम आहे. काम करत हिंडणाऱ्याला हे क्रियापद लागत नाही.

ती म्हणाली, "पण सर, आजोबा म्हणायचे, समुद्राजवळ पोचल्यावर एक दिवस मेंढरं दुसऱ्याकडं द्यायची आन् नुसतं बघत बसायचं. तेवढ्या दिवसाला लावलं तर चालतंय का?"

मी म्हणालो, परीक्षेला हे येणार नाही. जा.

२९ जानेवारी, शनिवार

अन्नत्याग. घरचं अन्न वर्ज्य, दौरा रद्द होईपर्यंत. अंजनाला सकाळीच जाहीर केलं. ती म्हणाली, "बरं." एवढंच. मी वाट पाहत थांबलो, पण ती गोठ्यात गेली.

घराबाहेरचं अन्न अन्नत्यागात येत नाही. गेणभाऊकडे मिसळ.

३१ जानेवारी, सोमवार

मिसळ. संध्याकाळी पुन्हा मिसळ. घरी कुणी आग्रह करीना. अंजना आता माझ्या वाटणीचं पीठच मळत नाही. कारण कळलं: गेणभाऊने परस्पर निरोप धाडलाय, "वैनी, सरांचं जेवान हिकडं हाय, काळजी करू नगा." सगळीकडे फितुरी. सावळेरामला सांगितलं, तूही सुरू कर. तो म्हणाला, "आमच्यात आज पुरनपोळी हाय. उद्यापास्नं बघू."

२ फेब्रुवारी

छातीत जळजळ. ढोंग नव्हे. थोडं वाढवून सांगितलं असेल, पण मूळ दुखणं खरं होतं. अंजना लगेच साडी बदलून आली आणि मला नारायणगावला डॉक्टरकडे घेऊन गेली, म्हणजे एम-एटी मीच चालवली. मला वाटलं, आता संपला विषय. आजारी नवऱ्याला टाकून कोण जातं?

डॉक्टर तरुण आहे. पोट दाबून म्हणाला, ॲसिडिटी. काय खाता? मी सांगायच्या आत अंजना म्हणाली, "मिसळ." डॉक्टर म्हणाला, तिखट बंद करा, राग कमी करा आणि दोन दिवस कुठंतरी फिरून या. अंजना माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो.

येताना मागे बसून ती म्हणाली, "मला निस्ता बघायचाय हो. आपल्या रानाच्या बांधापल्याड कदी काय बगितलंच न्हाई. येवढं मोठं काय आसतंय, ते येकदा बघायचं."

एम-एटीचा आवाज फार मोठा आहे. मी ऐकू न आल्यासारखं केलं. म्हणजे ऐकू आलंच नाही.

अन्नत्याग वैद्यकीय कारणास्तव स्थगित.

४ फेब्रुवारी

सावळेरामशी शेवटची मसलत. उद्या सकाळी दोघांनी ट्रॅक्ससमोर उभं राहायचं. शांततेत. गाडी हलू द्यायची नाही. तो म्हणाला, "मी तर फुडच्या चाकाशीच हुबा ऱ्हातो." हातात हात दिला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. त्याला सर्दीही आहे.

५ फेब्रुवारी, शनिवार. सकाळ

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे पुढे कुणाला विपर्यास करता येणार नाही.

सहाला ट्रॅक्स आली. ड्रायव्हर बहिरू. पुढे बॅनर, माझ्या नावासकट. रफार बरोबर होता. बायका नव्या साड्या नेसून, भाकऱ्यांची गाठोडी घेऊन बसल्या. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. सावळेराम खरोखर पुढच्या चाकापाशी उभा होता. इस्त्रीचा सदरा घातलेला. मला ते खटकायला हवं होतं.

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात रतनबाईने माझ्या हातात नारळ दिला. म्हणाली, "गुरुजी, मार्गदर्शक तुमी. फोडा."

मी म्हणालो, हा निषेध आहे. बहिरू म्हणाला, "ते बी करा सर, पन आदी नारळ. उन्हाच्या आत घाट उतरायचाय." रागाच्या भरात दगडावर असा हाणला की एका घावात दोन सरळ भकलं झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई म्हणाली, "सरांचा हात लई चांगला हाय."

मग अंजना खाली उतरली. माझ्यासमोर आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बहिरूच्या शेजारची शीट मोकळी हाय. पैल्यापास्नं मोकळीच ठिवली व्हती. तुमी म्हनाल म्हनून. येताय का?"

सगळी गाडी ऐकत होती. माझ्या पायात घरातल्या चपला होत्या. मी म्हणालो, "आय डू नॉट गॅलिव्हँट."

तिने मग मान हलवली आणि मागे जाऊन बसली.

सावळेराम माझ्याजवळ आला. म्हणाला, "राव, शीट फुकाट जाईल." आणि चढला. पिशवी आधीपासून टपावर होती.

ट्रॅक्स गेली. रस्त्यात नारळाची भकलं आणि मी.

त्याच दिवशी, दुपार

उत्तम झालं. दोन दिवस पूर्ण एकांत. व्याकरणाचं पुस्तक लिहायचं कधीपासून डोक्यात आहे. पहिला धडा: क्रियापदे. उदाहरण म्हणून जे क्रियापद आठवतं ते लिहायचं नाहीये. दुसरं आठवत नाही.

म्हैस माझ्याकडे बघून हंबरली. तिची सोय लावलेला माणूस आला, दूध काढून गेला. मला म्हणाला, "वैनी पोचल्या आसतील आता." मी कुठे विचारलं होतं?

६ फेब्रुवारी, रविवार. दुपार

घरात बसून डोकं तापलं, म्हणून जरा बाहेर पडलो. उद्देश नव्हता. एम-एटी येडगावच्या धरणाकडे गेली. पाण्याची पातळी बघून यावी, शेतकरी माणसाला माहीत असलेली बरी.

भिंतीवर बसलो. पाणी बरंच आहे. पलीकडचा काठ दिसतो, एवढा एक फरक. चपला काढून पाण्यात उभा राहिलो. पायाखालचं काही सरकलं नाही. चिखल होता, उलट पाय रुतला. वाळूबद्दल रतनबाई वाढवून सांगते, हे सिद्ध झालं. तरी अजून थोडा वेळ उभा राहिलो.

एक ओळखीचा मासेवाला होता. म्हणाला, "सर, येकटेच? वैनी न्हाय आल्या?" म्हणालो, त्या समुद्रावर गेल्यात. तो म्हणाला, "आन् तुमी हितं?" लोकांना चौकशा करायची फार सवय. चपला घालून परतताना एकीचा अंगठा चिखलात तुटला. तशीच फरफटत आणली.

त्याच दिवशी, दिवेलागण

ट्रॅक्स आली. आधी गाणी ऐकू आली, मग गाडी. सावळेराम काळा पडलाय आणि वाडीभर समुद्र सांगत फिरतोय. "डिंगोऱ्यापास्नं आण्यापर्यंत, आख्ख्या तालुक्यात निस्तं पानी हाय आसं समजा." परवा ज्याने चाकाखाली जायची तयारी दाखवली तो हा माणूस.

अंजनाने पांढऱ्या कांद्याची माळ आणली. कांदा पिकवणाऱ्या जुन्नर तालुक्यात कांदा. मी हे बोलून दाखवलं. ती चुलीपुढे बसून पाय चोळत होती. मीच विचारलं, इंग्रजीच्या दृष्टीने माहिती असावी म्हणून: समुद्र कसा होता?

 मग म्हणाली, "मोटा व्हता."

आणि थोड्या वेळाने, भाकरी थापता थापता, "मी मुद्दाम बगितलं, तुमची आठवन येती का म्हनून. सकाळी बगितलं, सांजंला बी बगितलं. न्हाई आली."

ही तक्रार असती तर मी उत्तर दिलं असतं. पण आवाज तक्रारीचा नव्हता. बाजारात कोबीला काय भाव आहे ते सांगतात, तसा होता.  जेवलो. कांदा गोड होता. ते तिला सांगितलं नाही.

७ फेब्रुवारी, सोमवार

रात्रभर विचार करून निर्णय घेतला. यांना असं मोकळं सोडणं बरोबर नाही. यापुढे जबाबदार माणूस बरोबर हवा. दिवाळीच्या सुट्टीत मंडळ गणपतीपुळ्याला जाणार आहे असं ऐकलं. सकाळी अंजनाला म्हणालो, देखरेखीसाठी मी येईन.

ती गोठ्यातून म्हणाली, "शीट न्हाई आता. गाडी भरली."

मी म्हणालो, ड्रायव्हरशेजारची?

"ती सावळेरामभावजींनी परतीच्या वाटंवरच धरली. रतनबाईला इचारा, येटिंगवर घेतीया का."

मी स्पष्ट सांगितलं, मार्गदर्शक वेटिंगवर थांबत नसतो. शाळेत गेलो. पहिल्या तासाला नववीला गप्प बसवलं, दुसऱ्या तासाला आठवीला. मधल्या सुट्टीत पाय मोकळे करायला म्हणून निघालो, तो रतनबाईच्या मळ्यावर पोचलो.

ती मेंढरांना पाणी दाखवत होती. सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "घेते की गुरुजी. पन तुमचा चौथा लंबर. तुमच्या फुडं पीटीचे मास्तर हायती, गेणभाऊ हाय, आन् सावळेरामचा मेव्हना. कुनी गळालं तर सांगन."

मी म्हणालो, माझी काही घाई नाही. निघताना, या तिघांची तब्येत एरवी कशी असते, तेवढं विचारून घेतलं.